भाकितं नंतर लिहिली, हा आरोप तपासून पाहा

महोदय,

बायबलमधली भाकितं घटना घडून गेल्यावर लिहिली गेली आणि नकला करता करता मूळ मजकूर केव्हाच हरवला, असं म्हणणारं एक पत्र आपल्या सदरात वाचलं. मी श्रद्धेनं पवित्र शास्त्र वाचणारा माणूस आहे. तरीही या आक्षेपाला ‘आमची श्रद्धा आहे’ एवढंच उत्तर पुरेसं नाही, असं मला वाटतं.

१९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या एका गुहेत मेंढपाळांना काही जुन्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांत यशया संदेष्ट्याचं जवळजवळ अखंड पुस्तक होतं. चामड्याचे १७ तुकडे शिवून केलेली ही गुंडाळी ७ मीटरहून लांब आहे आणि अक्षरांच्या वळणावरून अभ्यासक ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली मानतात. त्याआधी हिब्रू शास्त्राच्या ज्या जुन्यात जुन्या मोठ्या प्रती हाताशी होत्या, त्या इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या. मध्ये हजार वर्षांची नक्कल. दोन्ही शेजारी ठेवल्यावर शुद्धलेखनाचे फरक पुष्कळ निघाले, काही शब्दही कमीजास्त निघाले. ५३ व्या अध्यायात ‘प्रकाश’ हा एक शब्द गुंडाळीत आहे, नंतरच्या हिब्रू पाठात नाही. पण इतरांच्या अपराधांसाठी दुःख सोसणारा, वधाला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहणारा जो सेवक ख्रिस्ती लोक येशूचं भाकीत मानतात, तो दोन्हीकडे तोच आहे.

म्हणजे हा अध्याय येशूच्या जन्माच्या निदान शंभर वर्षं आधी शाईनं लिहिलेला होता. तो ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसडला, असं आता कुणालाच म्हणता येणार नाही. तो सेवक म्हणजे इस्राएल लोक, असा अर्थ यहुदी परंपरेत लावतात, त्याचा मी आदर करतो. मला त्यात येशू दिसतो. वाद अर्थाचा आहे, तारखेचा नाही.

याच गुंडाळीतली एक जागा मला फार भावते. ४० व्या अध्यायात मूळ लेखनिकाकडून काही शब्द सुटले. नंतर दुसऱ्या कुणीतरी ते ओळींच्या मध्ये आणि पुढे समासात खाली उतरत लिहिले, आणि देवाच्या नावाच्या जागी आदरानं चार ठिपके दिले. ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हीच ती ओळ. चूक झाकलेली नाही, डोळ्यांसमोर दुरुस्त केली आहे. नकला करणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो तो अशा ठिकाणी.

यशयाच्या बऱ्याच काळानंतर झालेला पर्शियाचा राजा कोरेश, त्याचं नाव यशयाच्या पुस्तकात येतं, त्यावर मात्र मी सगळा भार टाकत नाही. बरेच अभ्यासक तो भाग यहुदी लोक बाबेलमध्ये बंदिवासात होते तेव्हाचा, म्हणजे कोरेशच्याच काळातला मानतात, आणि त्यांची कारणं उडवून लावण्यासारखी नाहीत. उलट यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याचं पुस्तक पाहा. २६ व्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर समुद्रकाठची सोर नगरी लुटेल असं म्हटलंय, आणि २९ व्या अध्यायात त्याच्या सैन्याला तिथून काहीच मोबदला मिळाला नाही असं सरळ लिहिलंय. भाकितं मागाहून रचणाऱ्यानं ही ओळ ठेवली असती का?

माझ्यासारख्या विश्वासणाऱ्यांनाही मला एक सांगायचंय. जगाच्या शेवटाच्या तारखा जाहीर करणं बंद करा. अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी येशूच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली आणि दिवस तसाच मावळला. तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, हे येशूनं मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे. तारीख चुकली की लोक शास्त्राला खोटं म्हणतात, तारीख काढणाऱ्याला नाही. या अन्यायाचं मला मनापासून दुःख होतं.

पत्रलेखकांना विनंती, त्यांनी यशयाचा ५३ वा अध्याय आणि येशूची अटक आणि वधस्तंभ सांगणारे मत्तयचे २६ व २७ हे अध्याय एका बैठकीत वाचावेत आणि मग आपलं मत याच सदरात लिहावं. मी ते नक्की वाचेन.

आपला,
एक वाचक