परतीची भेट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी सेवादौऱ्यावर जाऊन आलेल्या चर्चच्या तरुणांचे फोटो हल्ली खूप दिसतात आणि बहुतेक फोटोंखाली एक ओळ ठरलेली असते : ‘आयुष्यभराचे मित्र मिळाले.’ मीही ती लिहिली होती. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

आम्ही चौदा जण परदेशातल्या एका डोंगरी खेड्यात दहा दिवस होतो. काम शाळेच्या दोन खोल्या बांधण्याचं. आमच्यापैकी एकानंही कधी थापी हातात धरलेली नव्हती. गावचा गवंडी माझ्याहून वयानं लहान. पहिल्या संध्याकाळी त्यानं माझ्या भिंतीला ओळंबा लावला आणि काही न बोलता मला जवळ बोलावलं. दोरी विटांपासून दोन बोटं लांब लटकत होती. त्यानं वरचे तीन थर उतरवले, विटांचा माल खरवडून काढला आणि त्याच विटा परत माझ्या हातात दिल्या. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. मग रोज संध्याकाळी तो ओळंबा सोडायचा आणि बोटांनी दाखवायचा : आज दीड, आज एक. शेवटच्या दिवशी बोट दाखवलं नाही, नुसती पाठ थोपटली. एवढी शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती.

आठव्या दिवशी दुभाष्याकडून कळलं, की एरवी या कामावर गावातलेच चार बिगारी असते. आम्ही फुकट राबायला आलो म्हणून त्यांना बोलावलंच नव्हतं. परत आल्यावर मंडळीपुढे साक्ष देताना मी हे सांगितलं नाही. फोटो दाखवले.

ही टोचणी जुनीच आहे. 1957 साली जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकी तरुण दोन मित्रांना घेऊन ख्रिस्ती साहित्य वाटायला मेक्सिकोत गेला. तरुणांना अशा दौऱ्यांवर पाठवणारी ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही ख्रिस्ती संस्था पुढे त्यातूनच उभी राहिली. पुढे अकरा वर्षांनी, 1968 मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं : बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या; मदत करायला येऊ नका. मला हे अर्धंच पटतं. बिगाऱ्यांची मजुरी बुडवली ती आम्हीच, हे कबूल. पण ‘या’ म्हटल्यावर येऊ शकतात ते कोण, हा प्रश्न तरीही उरतोच.

निघताना गवंड्यानं दुभाष्यामार्फत विचारलं होतं, “आम्ही तुमच्याकडे कधी यायचं?” आम्ही हसून म्हणालो, या की, कधीही! त्यानं ते खरं मानलं. आठ महिन्यांत पासपोर्ट काढला. मी निमंत्रणाचं पत्र पाठवलं, त्यावर पाळकांची सहीही घेतली. व्हिसा नाकारला गेला. बँकेत पुरेशी शिल्लक नाही, हे कारण. त्याच वर्षी आमचा गट दुसऱ्यांदा तिकडे जाऊन आला.

प्रेषित पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला आणि तिथे तंबू करण्याचा धंदा करत होता, असं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. नोकरी-रजेच्या हिशेबात बसलेल्या आम्हाला ते जमायचं नाही. पण चौदा तिकिटांऐवजी दहा काढून उरलेल्या चार तिकिटांचे पैसे तिकडच्या लोकांना इकडे आणण्यासाठी ठेवता येतील. त्यांना आमच्या घरांत उतरवावं. आमची भांडणं आणि उपासनेतली रिकामी बाकंही त्यांनी पाहावीत. कामाला जायचंच असेल, तर बिगाऱ्यांची मजुरी आधी बाजूला काढावी.

आमच्या समितीपुढे हे मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, “पण ते इथे येऊन करणार काय?” मला हसू आलं, कारण आमच्याबद्दल हा प्रश्न तिथे कुणीच विचारला नव्हता. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे. गवंड्याचा परवा निरोप आला : पाऊस संपला, भिंत सरळ आहे, पासपोर्ट जपून ठेवलाय.

अशा परतीच्या भेटी ज्या मंडळींनी घडवून आणल्या असतील, त्यांनी व्हिसासाठी कोणती कागदपत्रं कशी जमवली ते या सदरातून कळवावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक