शर्ट मी देऊन टाकले, त्याबद्दल

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

बाबा गेल्यावर त्यांचे शर्ट मी देऊन टाकले, आणि तुला न विचारता दिले. त्यावरून तू जे बोललीस त्याचं उत्तर फोनवर द्यायला गेले असते तर दोघींचाही आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसले. माफी मागायला बसलेले नाही, हे आधीच सांगते. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा देईन.

दादा तुझ्याकडे येऊन गेला. आतल्या खोलीत बाबांच्या सामानाची खोकी छताला टेकलीयेत आणि तू बाहेर सोफ्यावर झोपतेस, असं म्हणाला. झोपतेस म्हणजे नुसती पडतेस, असंही म्हणाला. मी काही खोदून विचारलं नव्हतं. झोपेविषयी या पत्रात अवाक्षर काढायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा तो विषय इथेच सोडते.

आधी कॅसेटचं, कारण ते घाईचं आहे. बाबांचा आवाज असलेली ती एकच आहे आणि तू ती रोज रात्री लावतेस. नव्वद मिनिटांची आहे ना? नव्वदची फीत साठच्या फितीपेक्षा पातळ असते. ताणली जाते, जुन्या मशीनमध्ये गुंडाळली जाते. शिवाय फितीवरचा चुंबकीय थर ज्या द्रव्याने चिकटवलेला असतो ते दमट हवेत सैल पडतं आणि थर हेडवर, म्हणजे मशीनमधल्या फीत वाचणाऱ्या भागावर, खरवडून निघतो. तेव्हा आता एकदाच लाव आणि लावशील तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घे. त्याआधी हेड स्पिरिटने पुस. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात ते मोडून टाक, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. उतरवलेल्याच्या निदान तीन प्रती कर. सगळ्या एकाच प्रकारच्या साधनावर नकोत, आणि एक तरी प्रत दुसऱ्या घरात असू दे. माझ्याकडे दे. मी ऐकणार नाही, पण सांभाळून ठेवीन.

आता कागद. पत्रांना लावलेल्या टाचण्या सगळ्या काढ, गंजाचा डाग कागद खातो आणि पुढच्या पानालाही देतो. फाटलंय तिथे सेलोटेप लावू नकोस, काही वर्षांनी टेप गळून पडते आणि तपकिरी पट्टा तेवढा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. वर्तमानपत्राची कात्रणं पत्रांपासून वेगळी ठेव, त्यांच्यातलं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं करतं. चिकट पानांचे ते दोन जाड अल्बम आहेत ना, त्यांतले फोटो ओढून काढशील तर फाटतील. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत ने. ज्या पानावर फोटो हलतच नाही, तिथे तो ओढू नकोस, पानासकटच कॅमेऱ्याने टिपून घे आणि पुढे जा. आणि मागे नावं लिही. मऊ पेन्सिलीने लिही, बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढून उमटतो. आत्याच्या शेजारी उभी असलेली काळ्या कोटातली बाई कोण, हे आज मी सांगू शकते. नंतर कोणाला विचारशील?

बघ, रेकॉर्ड रूममधल्या नवीन पोरांना बोलायची तशी बोलायला लागले. तू काही माझ्या हाताखालची कारकून नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस. या बाबतीत तू माझ्याही पुढची आहेस, आणि ते तू शाळेत जायच्या आधीपासून. तिकिटं, पिसं, बटणं, सगळं त्या लांब वहीत चिकटवून खाली तारीख घालायचीस. आणि मग वही घेऊन माझ्यासमोर उभी, शिक्का मार म्हणून. शेवटी ऑफिसातला एक झिजलेला, बाद केलेला शिक्का मी तुला आणून दिला. 'प्राप्त'. त्यानंतर आठवडाभर घरात जे दिसेल ते प्राप्त झालं. उशी, दाराची चौकट, तुझा पडलेला दात ज्या पुडीत होता ती पुडी. बाबा झोपलेले असताना त्यांच्या हातावर मारलास. ते तसेच ऑफिसला गेले, आणि दिवसभर बाही खाली केली नाही म्हणे. संध्याकाळी येऊन मला म्हणाले, "आता मला परत पाठवता येणार नाही." ती वही खोक्यांत असेल तर मला सांग. असेल तर.

मनू, तू मला म्हणालीस, "तू बाबांना पुसून टाकायला निघालीस." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

तुला आजीचं घर नीट आठवत नसेल. धाकट्या काकांची खोली तरी आठवते का? दार लोटलेलं, आत कोणी जायचं नाही. मी त्या घरात गेले तेव्हा त्या खोलीची धूळ पुसायचं काम माझ्याकडे आलं. कॅलेंडरचं पान उलटायचं नाही, चपला सरळ करायच्या नाहीत, एक वाकडी आहे तर वाकडीच राहू द्यायची. टेबलावरचं पेन उचलून खालून पुसायचं आणि पुन्हा त्याच कोनात ठेवायचं. आजी दारात उभी राहून बघायची. त्या माऊलीचं दुःख मला कळत नव्हतं असं नाही. पण आपले बाबा लग्नापर्यंत जिन्याखाली झोपले, हे तुला कोणी सांगितलंय? घरात पलंग होता, गादी होती, खिडकी होती. सगळं काकांचं होतं आणि काका नव्हते. बाबांनी याबद्दल कधी एक शब्द तोंडातून काढला नाही. मात्र आजी गेल्यावर त्या खोलीची खिडकी त्यांनीच उघडली. गंजलेली होती, हातोडी मारून उघडावी लागली. आणि पहिल्यांदा काय दिलं असेल, तर काकांचे शर्ट. जो पहिला माणूस भेटला त्याला. मी विचारलं, एवढी घाई कशाला? म्हणाले, कोणाच्या तरी अंगात जाऊ देत.

म्हणून दादा 'सोफा' म्हणाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुझ्या घरात पलंग आहे ना गं? त्यावर झोपायला काय होतं?

ठरवलेलं मोडलं. असो.

विसरण्याबद्दल मात्र मला बोलायचंय. तुझा भरवसा आठवणींवर फार आहे, माझा तेवढा नाही. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उडताच फुटलं, तेव्हा एमरी विद्यापीठातल्या नायसर आणि हार्श या दोघांनी दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी तुम्हाला कुठे आणि कशी कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा तेच विचारलं. कितीतरी जणांची उत्तरं पार वेगळी आली, आणि तीही छातीठोक. त्यांचे जुने कागद समोर ठेवले तरी काहींना ते पटेना. अक्षर माझंच, पण असं घडलं नव्हतं! कागद सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे वाचून किती बरं वाटलं असेल, तूच विचार कर.

आता आपलंच घे. तू घर सोडून निघालीस त्या सकाळी बाबा फाटकाशी उभे राहून रिक्षा वळेपर्यंत हात हलवत होते, असं तू सांगतेस. मला आठवतंय की ते बाहेर आलेच नाहीत, पाठ करून खिडकीशी बसले होते. यावरून आपण किती वेळा भांडलो असू. तू खोकी नेलीस त्याच्या आदल्या रात्री मी बाबांची त्या वर्षाची डायरी काढून बघितली. दोनच वाक्यं आहेत. 'मनू गेली. वरच्या खोलीचा पंखा दुरुस्त केला.' म्हणजे फाटक नाही आणि खिडकीही नाही. गडी शिडीवर होता! का होता, ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण तुझं फाटक मी काढून घेणार नाही. माझी खिडकीही मी सोडणार नाही. ती डायरी मी मुद्दाम तिसऱ्या खोक्यात वरच ठेवलीय.

चौकड्यांचा शर्ट तू आधीच पिशवीत बांधून नेला होतास, हे मला ठाऊक आहे. माझ्या पाठीमागे नेलास, बरं केलंस. नाकाची वाट मेंदूतल्या आठवणींच्या आणि भावनांच्या जागांपाशी फार जवळून जाते, म्हणून वास आला की माणूस समोर उभा राहतो. पण वास म्हणजे उडून जाणारे कण. दर वेळी पिशवी उघडशील तेव्हा थोडे जाणार. घट्ट बांधून ठेवलीस तरी कमी होणारच, फक्त हळू. न धुतलेल्या कपड्याला कीड लवकर लागते, तेव्हा नियमाने मी तुला 'धुऊन ठेव' म्हणायला हवं. म्हणत नाही. उघड, तुला हवं तेव्हा उघड.

१६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात योहानेस होफर नावाच्या तरुणाने वैद्यकीच्या प्रबंधात घरच्या ओढीला आजार ठरवलं होतं. झोप लागत नाही, भूक जाते, मन एकाच चित्रावर घोटाळतं, अशी लक्षणं. खात्रीचा उपाय त्याने सांगितला तो रोग्याला घरी पाठवायचा. तुझ्या बाबतीत घर कुठलं म्हणायचं हेच मला ठरवता येत नाही. तरी वरची खोली रिकामी आहे आणि पंखा चालू आहे.

मी काहीच ठेवलं नाही असं तुला वाटतं. एक कागद आहे माझ्याकडे. पत्र नाही, भावनेचं तर काहीच नाही. बाबांच्या अक्षरात कामांची यादी आहे: नळ, विजेचं बिल, चष्म्याची काडी, आणि चौथ्या ओळीवर माझं नाव, पुढे काही नाही. माझ्याकडून काय हवं होतं, की मला काही सांगायचं होतं, कोण जाणे. मी तो कागद आम्लमुक्त पाकिटात घालून कपाटात ठेवलाय, अंधारात, सपाट. कधी उघडते ते तुला सांगणार नाही.

रविवारी दादा टेपरेकॉर्डर आणि ती जोडायची वायर घेऊन येईल. खोक्यांतली निदान चार तरी त्याच्या गाडीत घाल, इथे ठेवू, कुलूप लावणार नाही, दार लोटणारही नाही. त्याला घालूनपाडून बोलू नकोस. मी त्याला तुझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय असं तुला वाटेल. तसं काही नाही. फक्त पलंग दिसतो का, एवढंच बघून ये म्हटलंय.

तुझी,
आई