बुटातली बिअर

संपादक महोदय,

लीड्सला येऊन मला सहा वर्षं झाली. सांगलीत शाळेकडून खो-खो खेळायचे, इथे शेजारणीने ओढून नेलं म्हणून महिलांच्या हौशी रग्बी क्लबात गेले. 27 सप्टेंबर 2025 ला इंग्लंडच्या मुलींनी कॅनडाला 33-13 ने हरवून विश्वचषक जिंकला. ट्विकनहॅमला 81,885 प्रेक्षक होते. तेव्हापासून आमच्याकडे नव्या मुलींची रीघ लागली आहे. त्यात शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलीही असतात, म्हणून हे पत्र.

रग्बीत चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन हाफ. तिसरा क्लबहाउसमध्ये. चिखलाचे बूट दाराशी काढायचे आणि नुकतंच जिने आपल्याला आडवं पाडलं तिच्याच शेजारी बसून चिप्स खायचे, बिअर प्यायची. मला या देशात मैत्रिणी मिळाल्या त्या याच टेबलावर. खांदा निखळला होता तेव्हा आमची कॅप्टन दोन आठवडे रोज सकाळी माझी वेणी घालायला यायची.

पिणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. लंडनच्या ‘एल व्हिनो’ बारमध्ये बाईला काउंटरशी उभं राहून पेय मिळत नसे. 1982 मध्ये कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. इथल्या बायकांनी तो हक्क भांडून मिळवलाय.

माझी तक्रार सक्तीबद्दल आहे. ‘राउंड’ म्हणजे प्रत्येकीने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं. सहाजणी बसल्या की प्रत्येकीला सहा पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे मोठे सहा ग्लास. इथला सरकारी सल्ला आठवड्याला दारूच्या 14 युनिटच्या वर नको असा आहे (एक युनिट म्हणजे 10 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल), आणि साध्या चार टक्क्यांच्या बिअरचे सहा पाइंट म्हणजे जवळजवळ तेवढेच! मधेच उठलं तर चेहरे पडतात.

त्यात पहिला ‘ट्राय’ केलेल्या, म्हणजे समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून पहिल्यांदा गुण मिळवलेल्या मुलीने स्वतःच्या बुटातून बिअर प्यायची प्रथा. गेल्या मोसमात एकोणीस वर्षांची एक मुलगी तो बूट दोन्ही हातांत धरून उभी होती. ती पीत नव्हती. भोवती सगळ्या टाळ्या वाजवत गात होत्या, गाणाऱ्यांत मीही होते. तिने डोळे मिटून तो रिकामा केला. पुढच्या मंगळवारी सरावाला आली नाही, नंतरही नाही. काय पळायची!

या मोसमात आम्ही बूट बंद केला. आता जिचं तिने आणायचं. लाइम-सोडा घेणाऱ्या चौघीजणी आहेत आणि त्या शेवटपर्यंत बसतात. त्या मुलीला मी दोनदा निरोप पाठवला. अजून उत्तर नाही.

— एक वाचक, लीड्स