मिस्त्री, त्या कोपऱ्यातल्या आकड्यांबद्दल

मिस्त्री,

तुमचं नाव या पत्रात घालायचं नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. घालत नाही. शेवटच्या दिवशी थाप्या, ओळंबा, दगड घडवायच्या टाक्या पिशवीत भरून ती सायकलच्या हँडलला अडकवलीत आणि "येतो बाई" म्हणून निघालातसुद्धा. मी दारात उभी. आदल्या रात्री चार वाक्यं घोकून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडातून फुटलं नाही. म्हणून हे पत्र. आणि तेही असं चारचौघांत, कारण तुमच्याआधी ज्यांनी या इमारतीची वाट लावली त्यांच्याही वाचनात ते यावं अशी माझी फार इच्छा आहे. माझा हा खवटपणा तुम्ही वर्षभर पाहिलाच आहे.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. चौकातली जुनी बँकेची इमारत आमच्या वाचनालयाला मिळाली. बँक केव्हाच नव्या जागेत गेली होती. मागे उरलं होतं ते दगडी खांबांचं दर्शनी तोंड, छपरातल्या काचांतून उजेड खाली सोडणारं उंच दालन, कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेलं लाकडी काउंटर आणि मागच्या बाजूला तिजोरीची खोली, जिचं दार चार माणसांनी ढकलल्याशिवाय हलत नव्हतं.

पहिले गृहस्थ आले, त्यांनी इमारतीत पाऊल टाकायच्या आधीच निकाल दिला. समोरची भिंत तेवढी ठेवू, मागचं सगळं पाडून नवं बांधू. म्हणजे माणसाचा चेहरा ठेवायचा आणि माणूस बदलायचा. मुळात चुन्यात बांधलेल्या भिंतींवर दुसऱ्यांनी सिमेंटचा गिलावा चढवला. काय तो गुळगुळीतपणा! फोटो निघाले, बिल निघालं, आणि एक पावसाळा गेल्यावर भिंतींना लोणा लागला. कपाटं सरकवली तर मागे पिठासारखी पांढरी भुकटी, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना ओल. तिसऱ्यांनी उपाय काढला: त्यावर प्लॅस्टिकचे पॅनेल ठोकायचे. दिसत नाही ते नाहीच, असा सरळ हिशेब. शिवाय त्या पॅनेलच्या पट्ट्या बसवायला आणि वायरी न्यायला खांबांच्या तळखड्यांत ड्रिलने भोकं पाडली, आणि जाताना ती भोकं पुट्टीने बुजवून वर दगडी रंग फासला. हे तिसरे मोठे शिकलेले होते. आमच्यासमोर त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून वारसा-जतनावर तासभर भाषण केलं होतं.

मग तुम्ही आलात, टेपसुद्धा न घेता. बोटं उलटी करून भिंत वाजवत चाललात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधेच थांबायचात, कान लावायचात. कुठे टण्ण आवाज, कुठे बद्द. बद्द आला की खडूने फुली. दुपारपर्यंत दालनभर फुल्या झाल्या आणि आमच्या एका विश्वस्तांनी घाबरून विचारलं, "भिंतच गेली का?" तुम्ही म्हणालात, "भिंत चांगली आहे. आतून ओली आहे एवढंच. तिला वाळायला कुणी वाटच ठेवली नाही."

आता यात काही गुप्त विद्या नाही. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने घेतलं ते १८२४ साली. त्याआधीच्याच काय, त्यानंतरच्याही कितीतरी दगडी इमारती चुन्यावरच उभ्या आहेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत सावकाश पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, आणि भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडू शकते. घट्ट सिमेंट तिला आत कोंडतं. ओलीबरोबर क्षार चालत येतात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात, फुगतात, आणि गिलाव्याबरोबर दगडाचाही पापुद्रा उचलतात. हे मी नंतर वाचून काढलं. पण ज्यांना हे वाचायचेच पैसे मिळतात त्यांनी ते आधी का वाचलं नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तुम्ही चुना पाण्यात विरवून मुरत ठेवलात आणि सांगितलंत, "आता मला बोलावू नका. झाला की मीच येईन." आमच्या समितीची त्या काळात झालेली चलबिचल तुमच्यापासून लपवून ठेवली होती, आज सांगते. दर सोमवारी कुणीतरी विचारायचं, तो माणूस येणार आहे ना नक्की? मी एका बैठकीत ऐकवलं की जुन्या रोममध्ये ठेकेदाराने तीन वर्षांहून ताजा चुना वापरू नये असा नियम होता, तसं प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलंय. त्यावर दोन मिनिटं शांतता झाली. नियम करावा लागला याचा अर्थ ठेकेदारांना तेव्हाही घाईच असणार.

तिजोरीच्या दाराचंही तसंच. आधीच्यांपैकी एकाने ते गॅस कटरने कापून भंगारात घालायचा प्रस्ताव लेखी दिला होता. तुम्हाला विचारलं तर तुम्ही दाराभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "मला लोखंडातलं कळत नाही. ज्याला कळतं त्याला बोलवा." तीन वर्षांत या इमारतीत "मला कळत नाही" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. कळणारा मिळाला, दार बिजागरीवर हलकं झालं. आता ते उघडंच अडकवून ठेवलंय, आत कुणी कोंडलं जाणार नाही असं, आणि जिथे पैसे होते तिथे लहान मुलांची पुस्तकं आहेत.

पण मला सांगायचं आहे ते यातलं काहीच नाही. मला त्या आकड्यांबद्दल सांगायचं आहे.

उजवीकडून दुसऱ्या खांबाचा तळखडा. तिसऱ्यांनी सगळ्यात जास्त भोकं तिथे पाडली होती, एक कोपरा तर फुटूनच गेला होता. तुम्ही त्याच जातीचा दगड शोधून आणलात, तेवढाच तुकडा घडवलात आणि बसवलात. दरज नखालासुद्धा लागेना. संध्याकाळी छपरातून उतरता उजेड त्यावर पडला होता. मी खाली बसून हात फिरवला आणि तुम्हाला म्हटलं, "मिस्त्री, कमाल केलीत! जुनं कुठलं, नवं कुठलं, ओळखूसुद्धा येत नाही." तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही लाजलात.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर आले. दालनात टाकीचा बारीक आवाज येत होता. पाहते तर तुम्ही जमिनीवर कुशीवर आडवे, गाल फरशीला टेकलेला, आणि त्या नव्या तुकड्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात आकडे कोरताय. करंगळीच्या नखाएवढे चार आकडे. चालू साल. मला आधी वाटलं तुम्ही स्वतःची खूण ठेवताय. ठेवली असतीत तरी कुणाची ना नव्हती. पण नाव नव्हतं, आद्याक्षरही नव्हतं. मी विचारलं, हे काय? तुम्ही उठून बसलात, गालावरची धूळ बाहीने पुसलीत आणि म्हणालात, "काल तुम्ही म्हणालात ना, ओळखू येत नाही. मग रात्री झोप नाही लागली. उद्या कुणी दुरुस्तीला येईल, त्याला हा जुना दगड वाटेल, त्यावरून तो काहीतरी अंदाज बांधेल. पुढच्याला फसवायचं कशाला?"

मग दिवसभर तुम्ही आपल्याच कामाच्या मागे हिंडलात. जिथे जिथे तुमचा तुकडा होता तिथे तिथे खाली, डोळ्यांना खुपणार नाही असे, पण शोधणाऱ्याला सापडतील असे चार आकडे. गिलाव्यात ओल्या चुन्यावर खिळ्याने, दगडात टाकीने, काउंटरच्या नव्या फळीला खालच्या अंगाने. मी नंतर मोजले. २७ जागा. तुमच्या हातची सफाई इतकी, की नसते कोरले तर ते २७ तुकडे कुणाच्या बापाला सापडले नसते. आणि या कामाचं बिलात काही नाही.

१९६४ साली व्हेनिसला देशोदेशीचे वास्तुतज्ज्ञ जमले होते. त्यांनी जुन्या वास्तूंच्या जतनासाठी जी सनद केली तिच्या १२व्या कलमात हेच आहे: गेलेल्या भागाच्या जागी जे नवं बसवाल ते एकूणात मिसळून जावं, पण मूळ भागापासून वेगळं ओळखू यावं, म्हणजे दुरुस्तीमुळे खोटा पुरावा तयार होणार नाही. तुम्ही त्या सनदेचं नाव ऐकलेलं नाही. मी वाचून दाखवली तेव्हा "बरोबर आहे त्यांचं" असं म्हणून पुन्हा कामाला लागलात, जणू त्यांनी तुमची परवानगी मागितली होती. आणि गंमत अशी, की हे कलम मी पहिल्यांदा पाहिलं ते तिसऱ्या गृहस्थांच्या त्या पडद्यावरच्या भाषणात. त्यांना ते तोंडपाठ होतं. पुट्टीवर दगडी रंग फासणारे तेच.

बँकेच्या इमारतीत हे घडावं याचं मला फार बरं वाटतं. जुन्या बँका अशा देवळासारख्या, भक्कम, खांबाखांबांच्या का बांधत? कारण लोकांच्या ठेवींना विम्याचं संरक्षण नव्हतं. अमेरिकेत ते १९३३ च्या कायद्याने आलं, भारतात १९६२ पासून. त्याआधी पैसे ठेवणाऱ्याला दाखवायला बँकेकडे एकच गोष्ट होती, तिची भिंत. अमेरिकेत फिलाडेल्फियात १८२४ साली पुरी झालेली सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची इमारत तर सरळ अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळाच्या धर्तीवर आहे. तिथे आता व्यक्तिचित्रांचं दालन आहे. दगड सांगायचा, आम्ही कुठे पळून जात नाही. काही बँका दगडासकट बुडाल्या, ते सोडा.

"बँकेचं वाचनालय कसं होईल?" असं आम्हाला ऐकवणारे पुष्कळ होते. त्यांच्यासाठी मी उदाहरणांची वहीच केली होती. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधलं १९०८ च्या सुमाराचं क्लीव्हलंड ट्रस्ट बँकेचं घुमटाचं दालन, तिथे २०१५ पासून किराणा आणि भाजीपाला मिळतो. लंडनमधलं, नवी दिल्ली आखणाऱ्या ल्युटेन्सने आखलेलं मिडलंड बँकेचं मुख्यालय, ते २०१७ पासून हॉटेल आहे. पण तुमच्याशी बोलताना मला नेहमी आठवायची ती कोलकात्याची करन्सी बिल्डिंग. १८३३ ची, मुळात आग्रा बँकेची, पुढे सरकारचं नोटा वाटायचं कार्यालय. १९९० च्या दशकात ती पाडायलाच काढली होती. काम थांबवलं गेलं तोवर मधल्या दालनावरचे घुमट उतरलेसुद्धा होते. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती सावरली आणि २०२० मध्ये लोकांसाठी उघडली. त्या दालनावर आज मोकळं आकाश आहे, भोवती कमानी आहेत. पाडलं होतं ते पाडलेलं दिसतं. हे मी तुम्हाला फोटोत दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ पाहत होतात आणि एवढंच म्हणालात, "नाही झाकलं, बरं केलं."

मिस्त्री, आमच्या वाचनालयात एक वाचक आहेत. पुस्तक परत करताना कधीकधी आत चिठ्ठी असते: "पान ११२ नाही. मी घेतलं तेव्हाही नव्हतं. पुढच्याने कथा सुरू करण्याआधी विचार करावा." ते पुढच्याला ओळखत नाहीत, पुढचाही त्यांना ओळखणार नाही. त्या चिठ्ठ्या मी फेकत नाही, पुस्तकातच चिकटवते. तुम्ही फरशीला गाल लावून पडला होतात ना, तेव्हा मला त्या चिठ्ठ्या आठवल्या. समोरच्याशी चांगलं वागणारे मला पुष्कळ भेटले. समोरचा बिल देणारा असतो, उद्या भेटणारा असतो. अजून जन्माला न आलेल्या एखाद्या गवंड्याची कुणी रात्रभर काळजी करावी, हे मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या पदरचं काहीच नसताना मला उगाच सुरक्षित वाटलं. उद्या आपल्यामागे कुणी आपलं काम उघडून पाहील, आणि त्याच्यासाठी आपणही काहीतरी लिहून ठेवावं, असं वाटून मी त्या आठवड्यात वाचनालयाच्या जमाखर्चाच्या वहीत दोन जुन्या चुका लाल शाईने नोंदवल्या. माझ्याच होत्या. कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या.

त्या तिघांपैकी एकजण परवा उद्घाटनाला आले होते, बोलावलं नव्हतं तरी. दालनभर फिरले, खांबावर हात ठेवून म्हणाले, "छान टिकलंय हो." मी त्यांना खाली वाकायला लावलं. आकडे दाखवले. ते म्हणाले, "हे घासून काढता येईल." मी म्हटलं, नको.

असो. आभार मानायचे होते, ते यात कुठेतरी येऊन गेले असतील. तुमच्या नातीने हे वाचून दाखवलं तर तिला सांगा, मुलांच्या विभागात तिचं नाव घातलंय, कार्ड तयार आहे.

आणि एक काम आहे. जिन्याखाली, डावीकडे, गुडघ्याच्या उंचीवर गिलाव्याचा हातभर तुकडा आहे. रंग जुन्याचा, पण कड तुमच्या हातची वाटते. आकडे नाहीत. मी टॉर्च लावून दोनदा पाहिलं. तुमचा राहिला की मुळातच जुना आहे, हे मला सांगता येत नाही, आणि आता ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही. सवडीने एकदा येऊन जा. टाकी घेऊन या.