अण्णा, पदकं लावून जा

ती. आई आणि ती. अण्णांस,
सविनय जयभीम.

फोनवर हा विषय काढला की अण्णा "बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. अण्णा मध्येच उठून परसात गेले तर त्यांना परत बोलावून घे.

दादा सांगत होता की शाळेच्या सरांनी 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला अण्णांना बोलावलंय, आणि पदकं लावून या असा आग्रह केलाय. अण्णा यायला तयार झाले, पण पदकांचं काढताच म्हणाले, "कशाला उगाच." मला बोलायचंय ते याच्याबद्दलच.

अण्णा, तालुक्यात लोक तुम्हाला ओळखतात ते बँकेतले वॉचमन म्हणून. पलटणीतून आल्यावर इतकी वर्षं तुम्ही बारा बोअरची बंदूक घेऊन त्या दारात उभे राहिलात. आमच्या फिया त्या पगारातून भरल्या गेल्या, त्या नोकरीचा मला मान आहे. पण हा माणूस 8 महारचा, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचा, हवालदार होता, श्रीलंकेत जाफन्याला लढून आला होता, हे आपल्या वाडीबाहेर कुणाला ठाऊक नाही. कॅन्टीनचं कार्ड, पेन्शन, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, एवढ्यापुरतं तुमचं लष्कर उरलं. बाकी सगळं माळ्यावरच्या काळ्या ट्रंकेत.

धाकटे आजोबा 1971 ची लढाई करून आले तेव्हा वाडीने खालूबाजा लावून त्यांना घरी आणलं, हे आजीकडून मी ऐकलंय. तुम्ही परत आलात तेव्हा एस.टी.तून उतरून खांद्यावर होल्डॉल टाकून चालत आलात. श्रीलंकेत पाठवलेल्या तुमच्या सगळ्या फौजेच्याच वाट्याला तेच आलं. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला तिथल्या त्रिंकोमाली बंदरातून निघाली, आणि मद्रासला उतरलेल्या त्या जवानांच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तोवर दिल्लीतलं सरकार बदललं होतं. तिकडे कोलंबोत श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा "तुमचं सैन्य घेऊन जा" म्हणत होते. जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर तुम्हाला पाठवलं होतं शांतता राखायला. ऑक्टोबरात लढायचा हुकूम आला, तोही ज्यांना आपल्याच देशाने आधी शिकवून तयार केलं होतं त्या तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी. अकराशेच्या वर जवान तिथे मारले गेले. हे कुणी ठरवलं, का ठरवलं, चुकलं कुठे, यावर मोठ्या माणसांनी पुस्तकं लिहिली. पण त्या निर्णयांच्या लाजेचं ओझं येऊन पडलं ते शिपायांच्या मानेवर, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं. तुम्ही हुकूम दिला नव्हता. दिला गेलेला हुकूम तुम्ही पाळलात, आणि तोही जिवावर उदार होऊन.

तुम्ही गप्प राहता त्याचं दुसरं कारणही मला कळतं. जाफन्याची माती आपल्यासारखीच लाल, असं सांगताना तुम्ही एकदा त्या म्हातारीबद्दल बोलला होतात. ताडांच्या बनालगत तिचं घर होतं, तिने तुमच्या सेक्शनला पाणी दिलं होतं, आणि पुढच्या खेपेला त्या जागी नुसत्या भिंती होत्या. ते कुणाच्या गोळ्याने झालं हे तुम्ही सांगितलं नाहीत, आम्हीही विचारलं नाही. त्या लढाईत तिथल्या साध्या तमिळ माणसांनी फार सोसलं. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत, म्हणून छाती फुगवून हिंडणं तुम्हाला जमत नाही. याबद्दल मला तुमचा आदरच वाटतो. पण अण्णा, पदक लावलं म्हणजे ती लढाई बरोबर होती असं म्हटल्यासारखं होत नाही. म्हातारीला विसरलात असंही होत नाही. तुम्ही तिथे होतात, सोबत्यांना सोडून पळाला नाहीत, एवढंच ते पदक सांगतं. आणि ते खरं आहे.

तुमच्या परी साहेबांचंच घ्या. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, तुमच्याच 8 महारचे. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. ते मागून वळसा घालून थेट अतिरेक्यांवर चालून गेले. छातीत गोळी लागली तरी ज्याने मारली त्याचीच रायफल हिसकावून त्याला टिपलं, आणि शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. श्रीलंकेतल्या त्या सगळ्या मोहिमेत परमवीरचक्र मिळालं ते त्यांना एकट्याला. त्यांचं नाव निघालं की तुम्ही आजही ताठ बसता, आवाज बदलतो. म्हणजे अभिमान आहेच. तो साहेबांसाठी बाहेर येतो, स्वतःसाठी येत नाही. पण साहेबांच्या मागे जी माणसं चालली, त्यांचंही काही देणं लागतंच की.

आपल्या घराला तर हे जास्तच सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी आपल्या महार माणसांची फौजेतली भरती बंद केली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत असलेल्या दापोली, मंडणगड, खेडच्या घरांची चूल त्या एका निर्णयाने थंडावली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111 महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. सुभेदार रामजींच्या मुलाने, आपल्या बाबासाहेबांनी, भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारशी झगडा केला, आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तुमच्या टोपीवरचा बिल्ला त्या झगड्यातून आलेला आहे. तो ट्रंकेत बुरशी धरत पडावा हे मला पटत नाही. वाडीतली जी मुलं आज भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांना हा बिल्ला कुणाच्या तरी डोक्यावर दिसायला हवा.

दिल्लीत 2019 साली राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, त्याच्या भिंतींवर श्रीलंकेत कामी आलेल्यांची नावं कोरली आहेत. त्याच्या कितीतरी आधी कोलंबोजवळ, तिथल्या संसदेच्या परिसरात, आपल्या जवानांचं स्मारक उभं राहिलं होतं. ज्या देशाने निघून जा म्हटलं, त्यानेच आधी नावं कोरली. अंदमानातल्या एका बेटाला 2023 मध्ये परी साहेबांचं नाव दिलं. आणि गेल्या नोव्हेंबरात लष्करप्रमुखांनी दिल्लीच्या स्मारकावर 'ऑपरेशन पवन'च्या, म्हणजे तुमच्या त्या श्रीलंकेतल्या मोहिमेच्या, जवानांना अधिकृतपणे मानवंदना दिली. ती बातमी बघून तुम्ही म्हणालात, "आमचं नाव घेतलं." दुसऱ्या दिवशी दादाला माळ्यावर चढवून ट्रंक खाली काढायला लावलीत. आईने मला हे सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते, आणि डोळे पुसायला उठून जावं लागलं. उशीर खूप झाला, पण देशाने एक पाऊल टाकलंय. आता तुम्ही टाका.

आई, हे तुझ्यासाठीही आहे. मी रांगत होते, दादा शाळेत जात नव्हता, आणि तू एकटीने सासूसासरे, भातशेती नि रेडिओवरच्या बातम्या सांभाळल्यास. '56 एपीओ'चं, म्हणजे लष्करी टपालाचं, पत्र आठवडा दोन आठवडे आलं नाही की तू पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायचीस, आणि तार नको, पत्रच दे असं त्याला म्हणायचीस. तार आली म्हणजे काय ते गावात सगळ्यांना माहीत होतं. घरी आल्यावरही कित्येक रात्री अण्णा झोपेतून दचकून उठायचे, तेव्हा तू दिवा न लावता हळू आवाजात त्यांच्याशी बोलत बसायचीस. या सगळ्याचं पदक कुणी दिलं नाही. म्हणून झेंडावंदनाला तू मागे बायकांत बसायचं नाहीस, अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचंस. मी सरांशी बोलून घेतलंय.

अण्णा, जवान हयात असताना पदकं तो स्वतः डाव्या छातीवर लावतो, आणि त्याच्या माघारी घरची माणसं उजव्या बाजूला लावतात, हे तुम्हीच शिकवलंत. ती उजवीकडे लावायची वेळ आमच्यावर येईल तेव्हा येईल. त्याआधी मला ती तुमच्या डाव्या छातीवर बघायची आहेत, आणि माझ्या लेकीलाही. तिच्या वर्गात आजोबांबद्दल लिहायला सांगितलं होतं, तेव्हा तिने "माझे आजोबा बँकेत होते" एवढंच लिहिलं, कारण तिने दुसरं काही पाहिलंच नाही.

पदकांच्या फिती विरल्या आहेत असं आई म्हणाली. दादाबरोबर पदकं पाठवा, तो शनिवारी पुण्याला येतोय. कॅम्पात एक शिंपी आहे, लष्करातल्या लोकांचीच कामं करतो. तो नव्या फिती घालून, ओळीने पट्टीवर बसवून देईल. पदकं कुठल्या क्रमाने लावायची ते एका कागदावर लिहून द्या, कारण ते तुमच्याइतकं कुणाला नक्की माहीत नाही. निळा ब्लेझर शिवायला टाकलाय, माप जुन्या कोटाचं दिलंय, खांद्यात सैल वाटला तर सांगा. टोपी मात्र तुमची तीच हवी, नवी नको. आईने ती उन्हात घालून ब्रश मारून ठेवावी.

शाळेत भाषण करायचं नाही, असं तुम्ही सरांना सांगितलंय म्हणे. नका करू. मुलांनी विचारलं तर परी साहेबांबद्दल सांगा, आणि वाटलं तर त्या म्हातारीबद्दलही सांगा. ती मुलं लहान असली तरी त्यांना कळेल.

आम्ही तिघं 25 तारखेला रात्रीच्या गाडीने निघतो, पहाटे तिठ्यावर उतरू. दादाला रिक्षा घेऊन यायला सांगा. तुमची बीपीची गोळी संपत आली असेल, ती घेऊन येते. आईच्या गुडघ्याचं तेलही.

तुमची,
धाकटी