उरेब कापणाऱ्या मादलेन व्हिओने

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच फॅशनवर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. कोको शनेल आणि ख्रिश्चन दियोर यांच्याविषयी लेखकाने विस्ताराने लिहिले आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु मादलेन व्हिओने यांना त्या लेखात जेमतेम एक ओळ मिळाली, आणि ‘तिरक्या कटचा शोध लावणारी डिझायनर’ असे त्यांचे वर्णन करून लेख पुढे सरकला. गेली तीस वर्षे बेळगावच्या शहापुरात मुलींना शिवणकाम शिकवणारी बाई या नात्याने मला हे वाचून मनापासून वाईट वाटले, कारण ती ओळ वस्तुस्थितीला धरून नाही आणि व्हिओने यांचे खरे मोठेपणही तिच्यात कुठे येत नाही.

लेखात ज्याला ‘तिरका कट’ म्हटले आहे, म्हणजे कापड धाग्यांच्या सरळ दिशेत न कापता कोपऱ्याच्या दिशेने तिरके कापणे, त्याला आमच्या धंद्यात उरेब म्हणतात. गोल गळ्याला लावायची पट्टी सरळ कापली तर ती वळणावर चुण्या पाडते, म्हणून ती उरेब कापावी लागते, ही गोष्ट खडे बाजारातला कोणताही शिंपी आणि माझ्या वर्गातली दुसऱ्या महिन्यातली मुलगीसुद्धा सांगेल. फ्रान्समध्येही व्हिओने यांच्या आधीपासून कॉलर, किनार, पट्ट्या यांसाठी कापड असेच तिरके कापले जात होते. उरेब त्यांनी शोधली नाही. जी युक्ती गळ्याच्या बोटभर पट्टीपुरती राहिली होती, तिच्यावर त्यांनी खांद्यापासून पायापर्यंतचा अख्खा पोशाख उभा केला, आणि माझ्या मते हे काम शोध लावण्याहून अवघड होते.

ते अवघड का, हे थोडे सांगू द्यावे. माझे माहेर वडगावातल्या विणकराचे. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यांतून धोट्याने आडवा जातो तो बाणा. या दोन्ही दिशांना कापड ओढून पाहिले तर ते फारसे हलत नाही, कारण ओढ थेट धाग्यावर येते. पण घरातला साधा सुती रुमाल समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून ओढा. तो लांबतो, मधोमध अरुंद होतो आणि सोडला की बराचसा पूर्ववत येतो. विणीतला प्रत्येक लहान चौकोन त्या वेळी कलून शंकरपाळ्यासारखा झालेला असतो. हाच गुण अंगावरच्या कापडात आला की त्याला टक्स, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या दुमडी, लागत नाहीत, हुक लागत नाहीत, आतून आवळणारे कॉर्सेटही लागत नाही. कापड आपल्या वजनानेच अंगाच्या वळणांवरून उतरते आणि बाई चालली की तिच्याबरोबर हलते. मात्र असे कापड कापताना घसरते, टीप मारताना ताणले जाते आणि शिवून झाल्यावरही काही दिवस खाली उतरत राहते. म्हणूनच उरेब घागरा निदान एक रात्र टांगून ठेवल्याशिवाय त्याची खालची पट्टी दुमडायची नाही, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. एका मुलीने घाईने तो मोडला आणि ऐन लग्नाच्या दिवशी तिच्या बहिणीचा घागरा एका बाजूने चार बोटे खाली आला. गुळगुळीत रेशमी क्रेपमध्ये, पोशाखामागून पोशाख, हे काम निर्दोष उतरवायचे म्हणजे हात किती तयार असला पाहिजे, याची कल्पना शिवणाऱ्यालाच येईल.

हा हात एकाएकी तयार झाला नाही. व्हिओने यांचा जन्म 22 जून 1876 रोजी ल्वारे प्रांतातल्या शियर-ओ-ब्वा या खेड्यात, साध्या घरात झाला. अकरा-बारा वर्षांच्या वयात शाळा सुटली आणि पॅरिसलगतच्या ओबेरव्हिलिए येथे त्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाताखाली उमेदवारी करू लागल्या. अठराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले, मुलगी झाली आणि ती तान्हेपणीच गेली, संसार मोडला. त्यानंतर त्या एकट्या लंडनला गेल्या, तिथे काही काळ रुग्णालयाचे कपडे शिवले आणि मग केट रायली यांच्या दुकानात काम केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसला परतल्यावर कालो भगिनींच्या पोशाखांच्या प्रसिद्ध पेढीत त्या शिवणखात्याच्या प्रमुख झाल्या. चांगले आणि उत्कृष्ट यांतला फरक आपल्याला तिथेच कळला, हे ऋण त्यांनी शेवटपर्यंत मानले. जपानी किमोनोची सरळ, अखंड कापडाची बांधणीही तिथेच त्यांच्या डोळ्यांखालून गेली. पुढे झाक दुसे या पॅरिसच्याच पोशाखकारांकडे असताना त्यांनी मॉडेल मुलींची कॉर्सेट उतरवली आणि त्यांना अनवाणी चालवले, तेव्हा तिथल्या जुन्या विक्रेत्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. 1912 मध्ये पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावर त्यांनी स्वतःचे दुकान काढले, तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते आणि सुई हातात धरून जवळजवळ पाव शतक झाले होते. दोन वर्षांत महायुद्धामुळे ते बंद करावे लागले; युद्ध संपल्यावर पुन्हा सुरू झाले आणि 1923 मध्ये मोंतेन्य मार्गावरच्या 50 क्रमांकाच्या मोठ्या वास्तूत गेले.

त्यांची काम करण्याची रीत मला विशेष जवळची वाटते. व्हिओने आधी कागदावर चित्र काढीत नसत. साधारण 80 सेंटिमीटर उंचीची एक लाकडी बाहुली त्यांच्यासमोर असे आणि तिच्या अंगावर त्या कापड टाकून, वळवून, टाचण्या लावून पाहत; जमले की मगच तो नमुना पूर्ण मापात उतरे. 1920 च्या सुमाराचा त्यांचा एक पोशाख तर केवळ चार चौकोनी तुकड्यांचा आहे. हे चौकोन कोपऱ्यांवर टांगल्यासारखे, दोन पुढे आणि दोन मागे, असे खांद्यांपासून सोडलेले आहेत. चौकोन कोपऱ्याने लोंबकळला की त्याची उभी रेघ आपोआप उरेब होते, म्हणजे कात्रीने एकही वळण न कापता कापड अंगावर वळते. ही रचना मला समजली त्या दिवशी मी जुन्या धोतराचे चार चौकोन कापले, एकमेकांना कच्च्या दोऱ्याने जोडले आणि वर्गातल्या पुतळ्यावर चढवून संध्याकाळपर्यंत पाहत बसले होते. उरेबीसाठी पन्हाही मोठा लागतो, म्हणून व्हिओने कापड तयार करणाऱ्यांकडून नेहमीपेक्षा रुंद पन्ह्याचे कापड मुद्दाम विणवून घेत.

आता त्यांच्या शिवणघराविषयी, कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही. भरभराटीच्या काळात व्हिओने यांच्याकडे हजाराहून अधिक माणसे कामाला होती आणि त्यांत बहुतेक बायका होत्या. त्यांच्यासाठी जेवणघर होते, डॉक्टर आणि दंतवैद्य होते, बाळंतपणाची रजा होती आणि पगारी सुटी होती. फ्रान्समध्ये सर्व कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा 1936 मध्ये झाला. व्हिओने यांच्या मुलींना ती त्याआधीच मिळत होती. आणखी एक गोष्ट लहान वाटेल, पण मला ती फार मोठी वाटते: इतर ठिकाणी मुली स्टुलांवर बसून शिवत, तर इथे त्यांना पाठ टेकायला खुर्च्या होत्या. स्वतः लहानपणी वाकून शिवलेल्या बाईलाच हे सुचू शकते.

मी हे भावनेच्या भरात लिहीत नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी इथल्याच एका दुकानात ब्लाउजची हातशिलाई करीत असे. लग्नसराईत सकाळी नवापासून रात्री दहापर्यंत, माळ्यावरच्या एका दिव्याखाली, पाठ नसलेल्या पाटावर आम्ही पाचजणी बसत असू आणि मजुरी नगावर मिळे. ताप आला तर त्या दिवसाची मजुरी नाही. आज माझी मान डावीकडे पूर्ण वळत नाही. खानापूर तालुक्यातून सकाळच्या एसटीने माझ्या वर्गाला येणाऱ्या मुली उद्या अशाच कुठल्यातरी माळ्यावर बसणार आहेत. ज्या पॅरिसची नक्कल म्हणून इथल्या दुकानांत गाऊन टांगलेले दिसतात, त्याच पॅरिसमध्ये शंभर वर्षांपूर्वी एका शिवणकरणीने आपल्या मुलींना पाठीची खुर्ची दिली होती, हे त्यांना कळलेच पाहिजे असे मला वाटते.

नकलेवरूनच पुढचा मुद्दा येतो. व्हिओने यांच्या पोशाखांच्या चोरून नकला होत, म्हणून त्यांनी प्रत्येक पोशाखाची समोरून, मागून आणि बाजूने छायाचित्रे काढून त्यांचे संग्रह ठेवले, नक्कल करणाऱ्यांना कोर्टात खेचले आणि अस्सल पोशाखाच्या लेबलवर सहीबरोबर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा देऊ लागल्या. माझ्या आईला सही येत नव्हती. रेशनच्या पुस्तकावर अंगठा उठवून झाला की ती तो पदराने घाईघाईने पुसून टाकी. व्हिओने यांना सही येत होती, तरी त्यांनी अंगठा पुढे केला, कारण वर्षानुवर्षे कापड चाचपणारा तो अंगठा हीच त्यांच्या कामाची खूण होती. इरकल साडीला आज भौगोलिक मानांकन आहे, ही आनंदाची बाब आहे; परंतु त्याच साडीवरचा ब्लाउज स्वतःच्या डोक्याने बेतणाऱ्या बाईच्या कौशल्यावर कोणाचेच नाव नसते. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने खणाच्या काठाची जोड पाठीवर तिरकी आणून एक सुंदर ब्लाउज बेतला होता. तिने त्याचे छायाचित्र मोबाईलवर टाकले आणि महिन्याच्या आत एका दुकानाच्या काचेत तोच ब्लाउज दुसऱ्याच नावाने लागला. ती मुलगी त्यानंतर छायाचित्रे टाकत नाही.

लेखात दियोर यांचे 1947 चे नव्या ढंगाचे कपडे सविस्तर आले आहेत. दियोर यांची पेढीही मोंतेन्य मार्गावरच, 30 क्रमांकाच्या घरात होती. त्यांनी बारीक आवळलेली कंबर आणि भरदार घेर परत आणला, म्हणजे त्याच रस्त्यावर काही घरे सोडून व्हिओने यांनी जे सोडवले होते ते पुन्हा बांधले गेले. दियोर यांच्या कारागिरीबद्दल मला आदर आहे, पण या दोघांना शेजारी ठेवले असते तर वाचकाला त्या काळातला खरा वाद समजला असता. व्हिओने यांनी 1939 मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, दुकान कायमचे बंद केले. 1952 मध्ये त्यांनी आपले शंभराहून अधिक पोशाख, नमुने आणि छायाचित्रांचे 75 संग्रह पुढच्या पिढ्यांसाठी देऊन टाकले. आज ते पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात आहेत. 2 मार्च 1975 रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. अझ्झेदिन अलाया यांच्यासारख्या नंतरच्या मोठ्या कारागिरांनी त्यांचे कपडे बारकाईने अभ्यासले. 1930 च्या दशकातल्या हॉलिवूडच्या नट्यांचे अंगावरून ओघळणारे सॅटिनचे गाऊनही त्यांच्याच वाटेने आले होते.

आपल्याकडच्या परंपरेशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. गुळेदगुड्डचा खण अरुंद पन्ह्याचा असतो आणि आपल्या आज्या-पणज्यांची चोळी त्या एका खणात, जवळजवळ चिंधीही वाया न घालवता, बेतली जाई. कापडाने जेवढे दिले तेवढ्यातच आकार शोधायचा, हा तिचा नियम. उरेब कापले की कापड जास्त लागते, तिरके तुकडे उरतात आणि गिऱ्हाईक कुरकुरते, हे मी रोज अनुभवते. म्हणून सगळेच उरेब शिवा असे मी मुलींना सांगत नाही. व्हिओने यांच्या चार चौकोनांत मात्र काहीच वाया जात नाही, आणि चोळी बेतणाऱ्या आपल्या बायका आणि त्या यांच्यात मला तिथे नाते दिसते: दोघींनीही कापडाला आपल्या मनासारखे वाकवण्याआधी ते कसे पडते हे पाहिले.

तेव्हा आपणास दोन विनंत्या आहेत. ‘शोध लावणारी’ या शब्दांची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. आणि शक्य झाल्यास व्हिओने यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, त्यात चार चौकोनांच्या पोशाखाची आकृती मापांसह असावी. आमच्या वर्गात सुतारकाका अर्ध्या मापाची लाकडी बाहुली करून देणार आहेत. आकृती छापून आली तर वडगावच्या मागावरच्या कापडात मुली तो पोशाख शिवतील, आणि तो तयार झाला की त्याचे छायाचित्र, शिवणाऱ्या मुलीच्या नावासह, मी आपल्याकडे पाठवीन.

आपली नम्र,
एक शिवणशिक्षिका,
शहापूर, बेळगाव