माझ्या गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल घातलंत?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : गिअर ऑइल बदलताना चुकीचं आणि कमी तेल भरल्याबद्दल, तसंच त्यानंतर मिळालेल्या उडवाउडवीच्या उत्तरांबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्या कंपनीची छोटी हॅचबॅक गाडी मी सात वर्षं चालवतो आहे. पाच गिअरची, हाताने गिअर टाकायची. ६२,००० किलोमीटर झाले. या सात वर्षांत मी तुम्हाला एकदाही तक्रारीचं पत्र लिहिलेलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे ऊठसूट भांडणारा माणूस दिसतोय असं म्हणून पत्र बाजूला पडायला नको.

गेल्या महिन्यात तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी दिली ती फक्त गिअर ऑइल बदलायला. गिअरची काहीही कुरकूर नव्हती. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मुदत भरली होती, एवढंच कारण. आधीच्या गाडीचं हे काम मी स्वतः करायचो. आता गाडीखाली सरपटायला कंबर तयार होत नाही, म्हणून म्हटलं जाणत्यांच्या हाती द्यावं.

काम अर्ध्या तासाच्या आत झालं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. गिअर ऑइल दाट असतं. थोडी गाडी चालवून, तेल कोमट असताना ड्रेन बोल्ट काढला तरी आधी धार, मग दोरी, मग थेंब असं करत बराच वेळ गळत राहतं. माझी गाडी तासभर तुमच्या आवारात उभी राहून गार झाली होती. त्या गार तेलाला तुमच्याकडे किती मिनिटं मिळाली असतील याचा हिशेब तुम्हीच करा. जुनं तेल बघायला मागितलं, तर "टाकून दिलं" असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. पहिला गिअर पडला. दुसऱ्यात टाकताना दांडा अर्ध्यावर थबकला. ओल्या वाळूत काठी खुपसावी तसा हाताला लागला. जरा जोर दिला तर खालून खर्र असा आवाज आणि तळहाताला झिणझिण्या. सात वर्षांत हा आवाज या गाडीतून कधी आला नव्हता. पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर गिअर सैलावला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता, त्यावर सकाळी नाण्याएवढा तेलाचा डाग. वाकून टॉर्च मारला तर ड्रेन बोल्टच्या कडेला एक थेंब लोंबत होता. या बोल्टाखालचं मऊ धातूचं वॉशर एकदा दाबलं गेलं की चपटं होतं, म्हणून दर वेळी नवीन घालायचं असतं. बिलात वॉशरची नोंद नाही. म्हणजे जुनंच बसवलं.

गाडी घेऊन परत आलो. तुमच्या सर्व्हिस अॅडव्हायझरने दोन वळसे मारले आणि निदान केलं, "क्लच प्लेट गेली, बदलावी लागेल." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! काल-परवापर्यंत लोण्यासारखा पडणारा गिअर तेल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी अडतो आणि दोष क्लचचा? मी त्यांच्यासमोरच एक साधी परीक्षा करून दाखवली. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून तीनपर्यंत मोजलं आणि रिव्हर्स टाकला. जराही आवाज नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून देणारी कडी, नसतो, त्यामुळे क्लच नीट सुटत नसेल तर पहिली बोंब रिव्हर्सच मारतो. मग गाडी हलवली आणि दुसरा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबला. एकदा न्यूट्रलला येताना, मग सोडून पुन्हा. दुसरा अलगद पडला. म्हणजे सिंक्रोने करायचं काम मी पायाने केलं की सगळं ठीक, आणि सिंक्रोवर सोपवलं की खर्र. एवढं झाल्यावरही जॉब कार्डावर "क्लच तपासणी सुचवली" असंच लिहून आलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेताना मी कोणतं तेल घातलं असं विचारलं, तेव्हा काम करणाऱ्या मुलाने दोन रिकाम्या बाटल्या आणून दाखवल्या. मी फोटो काढला. लेबल तिथेच वाचायला हवं होतं, ते घरी आल्यावर वाचलं, ही माझी चूक कबूल. त्या मुलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याला जे तेल काढून दिलं ते त्याने भरलं, आणि विचारल्यावर न लपवता दाखवलं. तुमच्या सगळ्या व्यवहारात सरळ वागलेला तो एकटाच.

बाटलीवर छापलंय ८०डब्ल्यू-९० (हा तेलाचा दाटपणा), जीएल-५ (ही गिअर ऑइलची वर्गवारी). माझ्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय ७५डब्ल्यू-८०, जीएल-४. काही तेलांच्या बाटल्यांवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं असतं. या बाटलीवर तसं नाही. फोटो मोठा करून दोनदा पाहिला.

अॅडव्हायझर म्हणाले, "साहेब, जीएल-५ वरच्या दर्जाचं आहे, आणि ऐंशी काय, नव्वद काय, दहाचाच तर फरक." ही समजूत तुमच्या सेंटरमध्ये सर्रास असेल, तर ती माझ्यापुरती राहणारी गोष्ट नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दहाच्या फरकाबद्दल. हे आकडे दाटपणाच्या वर्गांची नावं आहेत, सरळ माप नव्हे. शंभर अंश सेल्सिअसला ८० च्या वर्गातलं गिअर ऑइल ११ सेंटिस्टोक्सच्या (हे दाटपणाचं माप) आत असतं, आणि ९० च्या वर्गातलं किमान १३.५ पासून सुरू होतं. हे झालं तापल्यावरचं. थंडपणी तेल किती वाहतं ते डब्ल्यूआधीचा आकडा सांगतो. ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशांना लागते, ८०डब्ल्यूची उणे २६ अंशांना. इतक्या थंडीत मी गाडी चालवत नाही, पण गार तेलात कोणतं लवकर सैल होतं आणि कोणतं काकवीसारखं बसून राहतं, ते त्यावरून कळतं. माझा दुसरा गिअर सकाळी अडतो आणि वीस मिनिटांनी सुटतो, याचा काही संबंध तुमच्या लक्षात येतो का?

आता वरच्या दर्जाबद्दल. जीएल-४ आणि जीएल-५ ही इयत्ता चौथी आणि पाचवी नव्हे, की पाचवीवाला हुशारच. जीएल-५ मुख्यतः हायपॉइड दातांसाठी बनतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीत, असे दात असतात. ते एकमेकांवर प्रचंड दाबाने घासत सरकतात, म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची दाब सोसणारी रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट घालतात. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. इंजिन आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात, आणि दात साधे तिरके. हायपॉइड दात तिथे नाहीतच. ज्या दुखण्यासाठी ते औषध आहे, ते दुखणंच या गाडीला नाही.

उलट त्या पेटीत सिंक्रोच्या पितळी कड्या आहेत. गिअर टाकताना कडी आपल्या शंकूवर दाबली जाते, तिच्या आतल्या बारीक खाचा मधलं तेल पुसून काढतात, कडी शंकूला धरते, दोन्हींचा वेग एक होतो आणि मग दात गुपचूप एकमेकांत बसतात. म्हणजे या एका जागी घर्षण हवं असतं. तिथे तेल फार निसरडं किंवा फार दाट असलं तर कडी घसरत राहते, वेग जुळायला वेळ लागतो, आणि चालवणाऱ्याने घाई केली की खर्र. त्यात गंधकाची काही रसायनं पितळेला हळूहळू खातात. आजची काही जीएल-५ तेलं पितळेला त्रास देत नाहीत, असं तुमचे अभियंते म्हणतील. म्हणू देत. त्या वादात मला पडायचंच नाही. पुस्तिका मी लिहिलेली नाही, तुम्ही लिहिली आहे. तिच्यात जे छापलंय ते घाला, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तेलाची जात चुकली एवढ्यावर हे थांबत नाही. पुस्तिकेनुसार या गिअरबॉक्सला २.४ लिटर तेल लागतं. बिलावर "गिअर ऑइल, १ लिटर, नग २". उरलेले ४०० मिलिलिटर कुठून येणार होते? जुनं तेल नीट गळू न देता वर नवीन ओतलं असेल तर बेरीज जुळेल कदाचित, पण मग ते तेल बदलणं झालं नाही, कालच्या आमटीत पाणी वाढवणं झालं. आणि तेही झालेलं नाही. क्लचचं निदान ऐकून घरी आल्यावर गाडी सपाट जमिनीवर रात्रभर उभी ठेवली. माझा पुतण्या सडपातळ आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागून त्याचा हात आत जातो. त्याने बाजूचा फिलर बोल्ट काढला. तेल बरोबर असेल तर त्या भोकाच्या खालच्या कडेशी टेकलेलं असतं, बोट आत वाकवलं की टोक भिजतं. पुतण्याचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि कोरडं बाहेर आलं. मग वाकवलेली तार घालून पाहिलं. तेल कडेपासून जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली. ड्रेन बोल्टाचा पाझर रोज एखाद-दुसऱ्या थेंबाचा आहे, त्याने तीन-चार दिवसांत इतकं कमी होत नाही. तारेचा आणि बोटाचा, दोन्ही फोटो जोडले आहेत. मी वरून तेल भरलं नाही, कारण मग तुम्ही म्हणाला असता की आता कोणाचं तेल कोणतं ते कसं सांगणार. तेव्हापासून, म्हणजे गेले नऊ दिवस, गाडी जागेवरून हललेली नाही.

या नऊ दिवसांत तुमच्या विभागाला दोन मेल पाठवले आणि एक फोन केला. दोन्ही मेलना अक्षरशः एकच उत्तर आलं. त्यात माझ्या समाधानासाठी आपण कटिबद्ध आहात. फोनवर सांगितलं गेलं की नवीन तेलाने सुरुवातीला गिअर "थोडे कडक" लागतात, सवयीने जातं. योग्य तेल घातल्यावर गिअर आधीपेक्षा हलका पडतो, हा माझा आधीच्या गाडीचा अनुभव आहे. सवय नक्की कोणाला व्हायची आहे, मला की पितळेच्या कडीला?

मी एकच प्रश्न तीन वेळा विचारला आहे : माझ्या गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल, किती घातलं? तुमच्या जॉब कार्डावर "गिअर ऑइल बदलले" यापलीकडे अक्षर नाही. बाटलीचा फोटो मी काढला नसता, तर हे आज कोणालाच कळलं नसतं, तुम्हालासुद्धा नाही. मला खरा राग याचा आहे. चूक माणसाच्या हातून होते, पण चुकीची नोंदच होणार नाही अशी तुमची कागदपत्रांची पद्धत आहे.

माझ्या मागण्या अशा. हे तेल माझ्यासमोर, घाई न करता, पूर्ण गळू द्यावं आणि पुस्तिकेतल्या प्रतीचं २.४ लिटर तेल भरावं. आधी फिलर बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच ड्रेन बोल्टाला पाना लावा. तेल काढून बसलात आणि वरचा बोल्ट निघाला नाही, तर गाडी तिथेच अडकेल. वॉशर नवीन, आणि बोल्ट टॉर्क पान्याने ठरल्याइतकाच आवळलेला. गिअरबॉक्सची पेटी अॅल्युमिनियमची आहे, अंगातला जोर दाखवायची ती जागा नाही, आटे गेले तर नवं प्रकरण सुरू होईल. एकदा रिकामं केल्याने सगळं जुनं तेल निघत नाही, म्हणून काही दिवस गाडी चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तेल बदलून द्यावं. दोन्ही वेळचं तेल, वॉशर आणि मजुरी तुमच्या खर्चाने.

काढलेलं तेल या वेळी टाकून देऊ नका. ड्रेन बोल्टाच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर मला काळजी नाही, ती पोलादाची नेहमीची झीज. पण पितळ चुंबकाला चिकटत नाही. ते तेलातच सोनेरी चमचम करत तरंगतं, म्हणून तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात बघायचं आहे, माझ्यादेखत. तशी चमक दिसली, किंवा योग्य तेल भरल्यावरही दुसरा गिअर खरखरत राहिला, तर गिअरबॉक्स उघडून सिंक्रो तपासण्याचा आणि बदलण्याचा खर्च कंपनीने करावा, आणि हे आधी लेखी द्यावं. जॉब कार्डावरची क्लचची सूचना रद्द करावी. आणि यापुढे माझ्या प्रत्येक जॉब कार्डावर तेलाची प्रत आणि मात्रा लिहिलेली असावी.

गाडी सर्व्हिस सेंटरपर्यंत चालवत आणणार नाही. कमी तेलात ती चालवणं मला पटत नाही. ती उचलून न्यायची व्यवस्था आपण करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हेच पत्र याच फोटोंसह पुढे नेईन. उत्तर कृपया या पत्राला द्यावं, मागच्या दोन मेलना नव्हे. ते उत्तर मला आता पाठ झालं आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिल आणि जॉब कार्डाची प्रत, पुस्तिकेतल्या तेलाच्या पानाचा फोटो, बाटल्यांचा फोटो, पुठ्ठ्यावरच्या डागाचा, तारेचा आणि कोरड्या बोटाचा फोटो (बोट पुतण्याचं).